मगदूम सरांची जीभ

मगदूम सरांच्या तोंडून आपलं नाव निघू नये, असं आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटायचं. त्यांची जीभ काळी आहे, ते बोलतात तसंच होतं, असा बोभाटा होता. आता हे कॉलेज काही आडरानातलं नव्हे. कोल्हापूर शहरातलं, व्हरांड्यात मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे फोटो टांगलेलं. आणि बोभाटा होता तो पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांबद्दल. मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. अठरा वर्षं सरांच्या हाताखाली काढली. चारचौघांत या बोभाट्याला मी हसायचो, पण देवळात शिरताना माणूस जसा एकदा आपल्या चपलांकडं वळून बघतो, तसा मनातून सावधही असायचो.

एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी थट्टेनं विषय काढला, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढून दाखवली. उजव्या कडेला वाटाण्याएवढा निळसर डाग होता. लहानपणी ऊस खाताना चावली होती, असं त्यांनी सांगितलं. हसायला म्हणून जमलेलं कुणीही हसलं नाही. इतिहासाच्या बाईंनी तर अर्धा चहा तसाच ठेवला आणि तासाला निघून गेल्या.

सर रोज गडमुडशिंगीहून बसनं यायचे. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात जुन्या धोतराचा धुवट तुकडा. त्यानं ते भिंगं पुसायचे, स्वतःचा चष्मा पुसायचे आणि भडंग खाऊन झालं की हातही पुसायचे. वर्गात इंग्रजी, वर्गाबाहेर गावचं बोलणं. "आधी बघा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. पोरांना, मला, बिघडलेला पंखा बघायला आलेल्या वायरमनलाही. आणि स्वतः बघायचे ते असं की समोरचा अवघडून जावा. मान एका बाजूला कलती व्हायची, बोलणं थांबायचं, घशातून एक बारीक "हंऽ" निघायचा. तो "हंऽ" ऐकला की मी हातातलं काम खाली ठेवायचो. कारण त्यानंतर ते जे बोलायचे, ते व्हायचं.

आमचा निर्वात पंप चांगला धडधाकट चालत होता. सरांनी जाता जाता त्याच्यावर हाताची पालथी बाजू टेकवली, मान कलती केली आणि म्हणाले, "माने, हा गुरवारपतोर टिकत न्हाय." बुधवारी दुपारी तो किंचाळला आणि जागच्या जागी जाम झाला. तेव्हाच्या प्राचार्यांच्या गाडीचं तसंच. सर फाटकात उभे होते, गाडी शेजारून गेली. डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, घाटात नेऊ नका, असं त्यांनी सांगितलं. प्राचार्य हसले आणि रविवारी बायकोमुलांना घेऊन गगनबावड्याला गेले. सोमवारी हात गळ्यात बांधून आले. बेअरिंगचं नाव कुणी काढलं नाही. मगदूम बोलला आणि झालं, एवढंच प्राचार्यांच्या बायकोनं सगळ्या कॉलनीत सांगितलं.

सरांना या बोलण्याचा आधी राग यायचा. मी भविष्य सांगत नाही, नुसतं बघतो, बाकीचे बघत नाहीत याला मी काय करू, असं ते म्हणायचे. पुढं पुढं म्हणायचंही सोडून दिलं.

एकदा मात्र ते काहीच बोलले नव्हते, आणि ते मला जास्त लक्षात राहिलं. आमच्या ऑफिसात पोवार नावाचे क्लार्क होते. हसरा, खाऊनपिऊन मजबूत माणूस. पगारपत्रकावर सही घ्यायला विभागात आले होते. सरांनी पेन हातात घेतलं आणि त्यांच्याकडं बघत राहिले. मान कलली. "हंऽ" आला. पोवारांचा चेहरा उतरला. बोला की सर, काय दिसतंय, असं ते कसंनुसं हसत म्हणाले. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, सही केली आणि म्हणाले, "काय न्हाय. जपून जावा." पोवारांनी भीतीनं दुसऱ्याच दिवशी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट स्वच्छ आले. आनंदानं त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. दोन महिन्यांच्या आत ते बसल्या खुर्चीत गेले.

तेरावं झाल्यावर मी धीर करून सरांना विचारलं, की तेव्हा बोलला का नाहीत. सर भिंग पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "जे दुरुस्त हुतंय तेवढंच बोलायचं, माने. जे हुत न्हाय ते बोलून माणसाचं हायत ते दिवस कशाला नासवायचे?" त्यांना नेमकं काय दिसलं होतं ते मी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं.

असा हा माणूस, आणि परदेशात शिकायला जायचं असलं तर पोरांना त्याच्याच दाराशी यावं लागायचं. पदार्थविज्ञानात पीएच.डी. करायला तिकडच्या विद्यापीठांकडं अर्ज करायचा, तर गुरूंची शिफारसपत्रं लागतात. बाकीचे प्राध्यापक सरळ सांगायचे, तूच लिहून आण, मी सही करतो. मग पोरं स्वतःलाच अलौकिक बुद्धिमत्तेचं ठरवायची. मगदूम सर एकटेच असे, की जे स्वतः लिहायचे. त्याआधी पोराला प्रयोगशाळेत बसवून वर्णपटमापकाचे सगळे स्क्रू विस्कटून द्यायचे आणि पहिल्यापासून जुळवायला लावायचे. स्वतः शेजारी स्टुलावर बसून बघायचे. पत्रात गुण लिहायचे तसं एक उणंही लिहायचे. ज्या पत्रात एकही उणं नाही ते पत्र खोटं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी लिहिलेली पहिली दोन-तीन पोरं तिकडं जाऊन अगदी पत्राबरहुकूम निघाली. तेव्हापासून कोल्हापूरच्या या माणसाच्या पत्राला तिकडं वजन आलं.

तिकडचा आणखी एक नियम आहे. पत्र गुरूनं परस्पर धाडायचं, आणि ते मी कधीही वाचणार नाही, असं पोरानं अर्जातच लिहून द्यायचं. म्हणजे तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते सातासमुद्रापलीकडच्या माणसांना कळणार, तुम्हाला नाही. सरांना टायपिंग येत नव्हतं. ते हातानं लिहायचे, मी टाईप करून संगणकावरून धाडायचो. म्हणून एक मीच असा, की जो ती सगळी पत्रं वाचायचा. सरांची ताकीद होती, की वाचलेलं बोटातच राहिलं पाहिजे, तोंडात येता कामा नये. मी ती ताकीद पाळली. ती एकदा तरी मोडायला हवी होती.

पत्र तर हवं, पण जीभ नको, अशी पोरांची पंचाईत व्हायची. त्यावर त्यांनी तोडगा काढला. पत्राची विनंती तोंडी करायचीच नाही, चिठ्ठी लिहून सरांच्या खणात ठेवायची. प्रयोगाच्या दिवशी एक पोरगं खिशात लिंबू घेऊन आलं होतं. ते वाकल्यावर लिंबू घरंगळत सरांच्या पायाशी गेलं. सरांनी ते उचललं, पुसलं आणि काही न बोलता त्याच्या हातात दिलं. त्या दिवसापासून ते पोरांशी कामापुरतंच बोलायला लागले.

नाझनीन मोमीन इचलकरंजीहून यायची. वडील मागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिनं सरांकडं प्रकल्प घेतला. काचेवरच्या अतिशय पातळ थराची जाडी प्रकाशाच्या पट्ट्यांवरून मोजायची. त्यासाठी डार्करूममध्ये, पिवळ्या सोडियम दिव्यापुढं तासन्‌तास बसायचं, दुर्बिणीतून पट्टे मोजायचे. ही पोरगी चिठ्ठी न ठेवता सरळ सरांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि मला अमेरिकेला अर्ज करायचाय, तुमचं पत्र पाहिजे, असं तोंडानं म्हणाली. सरांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसून भडंगाचा कागद पुढं केला. तिच्या घराण्यात दहावीपुढं कोणी गेलेलं नव्हतं. हे वर्ष हुकलं तर घरचे लग्न लावून देणार, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. अर्जाची मुदत डिसेंबरच्या मध्याला होती.

नोव्हेंबरात एके दिवशी तिचे वडील आले. धुतलेला शर्ट, नखांत ग्रीस. पोरीला बाहेर थांबवून ते आत आले आणि उभ्यानंच बोलले. "सर, गुस्सा करू नका. पत्र लिवा, तुमचे उपकार हायत. पर तिच्याबद्दल तोंडानं काय बी बोलू नका. चांगलं न्हाय, वाईट न्हाय. एवढा शब्द द्या."

मला वाटलं, सर आता फाडफाड बोलतील.  पण ते धोतराच्या तुकड्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "दिला."

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. दुपारची वेळ होती. नाझनीन डार्करूममधून बाहेर आली, कपाळ दाबत व्हरांड्यातल्या ट्यूबलाईटकडं बघितलं आणि सहज म्हणाली, की ट्यूबभोवती रंगीत कडं दिसतंय, बाहेरून लाल, आतून निळं. सर खुर्चीतून उठलेच. रंग म्हटला की ते लहान मूल व्हायचे. बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसून वर बघितलं, चष्मा काढून बघितलं. मला बघायला लावलं. कडं नव्हतं. ट्यूब नेहमीसारखी पांढरी होती.

कधीपासून दिसतं, असं त्यांनी विचारलं. अधूनमधून, ती म्हणाली. आत जास्त वेळ बसलं की दिसतं, मग डोकं ठणकतं, झोपलं की जातं. सरांची मान कलली. त्यांनी तिचा उजवा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि एक पेन तिच्या डाव्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणलं. दिसलं की सांग, म्हणाले. मला वाटलं त्याच्या किती तरी नंतर ती "दिसलं" म्हणाली. मग दुसरा डोळा. तो बरा होता.

"हंऽ" आला.

सरांनी तोंड उघडलं. मी बघत होतो. ओठ हलले, मग मिटले. काही दिवस अंधारात बसू नकोस, एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, सर, अजून साठ-सत्तर रीडिंग राहिलीत, त्याशिवाय अर्जात लिहू काय? आणि पाणी पिऊन पुन्हा आत गेली. डार्करूमचं दार आतून लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी सरांच्या मागं लागलो. तिला डॉक्टरकडं जा म्हणून सांगा, हे दुरुस्त होण्यासारखं असेल, तुमचाच नियम आहे की. सर म्हणाले, शब्द दिलाय. मग दारापर्यंत जाऊन परत आले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"माने, आणि माझ्या बोलण्यानंच हुत असंल तर?"

मला हसू यायला हवं होतं. पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख हे विचारत होता. पण मला हसू आलं नाही. वीस-पंचवीस वर्षं माणसाला तू विषारी आहेस म्हणून सांगत राहिलं, तर तो स्वतःच्या सावलीलाही भ्यायला लागतो. ते आम्हीच केलं होतं, सगळ्यांनी मिळून.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पत्र लिहून माझ्या हातात दिलं. सुंदर पत्र होतं. या मुलीइतकी प्रामाणिक रीडिंग मी तीस वर्षांत बघितली नाहीत, असं त्यात होतं. आणि शेवटी, नेहमीच्या उण्याच्या जागी, चार ओळी. तिच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर कमी होत आहे, तिला दिव्यांभोवती कडी दिसतात, हा काचबिंदू असावा अशी मला भीती वाटते, तिला हे सांगण्याची मला मुभा नाही, आपण कृपया तिला डोळे तपासायला सांगावं. मी वाचून सरांकडं बघितलं. ते म्हणाले, "हे इंग्रजीत हाय. लिवलेलं हाय. आणि परक्याला हाय. हे बोलणं न्हवं."

मी टाईप केलं. धाडलं. पाच विद्यापीठांना तेच पत्र पाच वेळा गेलं.

सरांची ताकीद होती ती पत्रापुरती; तिच्या वडिलांनी माझ्याकडून शब्द घेतला नव्हता. माझी जीभ काळी नव्हती. मी तिला व्हरांड्यात गाठून एका वाक्यात सांगू शकलो असतो. तेव्हा म्हटलं, मुदत तोंडावर आलीय, आता पोरीला कशाला घाबरवायचं, अर्ज जाऊ दे, मग बोलू. अर्ज गेल्यावर ती अंधारात बसायची थांबली, कड्याचं नाव निघेना, आणि मी मनातल्या मनात सुटलो. सरांना नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. ते निदान लिहून तरी मोकळे झाले होते.

फेब्रुवारीत एका विद्यापीठानं तिला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत संगणकावरूनच होती. इचलकरंजीच्या घरी मागांच्या खडखडाटात ऐकू येणार नाही, म्हणून संध्याकाळी ती आमच्या प्रयोगशाळेत बसली. सर आणि मी बाहेर व्हरांड्यात स्टुलावर. आतून तिचा आवाज येत होता, आधी घाबरा, मग धीट. अर्धा तास झाला असेल. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

"सर, शेवटाला मुलाखत घेणाऱ्या बाईंनी इचारलं, आता तुमचे डोळे कसे हायत? डॉक्टरला दाखवलं का? मी कधी सांगितलं त्यांना?"

 ती आधी सरांकडं बघत होती, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. तिला सगळं कळलं असावं, कारण पुढं तिनं काहीच विचारलं नाही. दप्तर उचललं. पायरी उतरताना डाव्या बाजूच्या कठड्यावर तिचा खांदा आदळला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. असल्या डोळ्यांना अंधारात बसणं वाईट, आतला दाब वाढतो, रंगीत कडी त्याचीच. दोन्ही डोळ्यांवर लेसर केलं, अर्ध्या तासाचं काम. उजवा वाचला. डाव्याची गेलेली नजर परत येत नाही. दिवाळीच्या सुमारास आली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही.

तिचे वडील पुन्हा आले. या वेळी मी दारातच उभा राहिलो, म्हटलं काही कमीजास्त झालं तर मध्ये पडावं. पण ते सरांसमोर गेले आणि दोन्ही हात सोडून उभे राहिले. "काळी जीभ माझी हाय, सर," ते म्हणाले. "मी बोललो, म्हणून तुम्ही गप बसलासा." सर उठले. त्यांनी मोमीनांचा तो ग्रीस लागलेला हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मला तिथं उभं राहवेना. मी पंपाकडं जाऊन उगाच त्याचं तेल बघत बसलो.

त्याच विद्यापीठाचं प्रवेशपत्र मार्चमध्ये आलं. ऑगस्टमध्ये नाझनीन गेली. जाण्याआधी ती सरांच्या घरी जाऊन आली. सर मे महिन्यातच निवृत्त झाले होते. मी सोबत होतो. ती निरोप घेताना म्हणाली, "सर, हितनं पुढं माझ्याबद्दल काय बी दिसलं तर बोलायचं. कोण का म्हणंना." सरांनी मान हलवली. माझ्याशी ती नीटच बोलली, पण डावा डोळा किंचित बारीक करून. ती आता सगळ्यांकडं तसंच बघते. तरी मला ते लागलं.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. ते बसथांब्यावर उभे होते. हातात भाजीची पिशवी, खिशात धोतराचा तुकडा. खुशीत होते. नाझनीनचा दर रविवारी फोन येतो म्हणाले. तिकडं तिनं प्रयोगाचं टेबल उलटं मांडून घेतलंय, सगळी उपकरणं उजव्या हाताला. त्यांना त्याचं भारी कौतुक वाटत होतं. आता मी बोलायला शिकलोय, माने, असं ते म्हणाले. घरासमोरच्या शाळेत जाऊन पोरांचे डोळे तपासतो, ज्याला सांगायचं त्याला तोंडावर सांगतो. गाव हसतंय, हसू दे.

बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडं बघायला लागले. मान एका बाजूला कलली आणि रहदारीच्या आवाजातही तो बारीक "हंऽ" मला ऐकू आला.

मी म्हटलं, "बोला की सर. मी भीत न्हाय. आता तुम्ही बोलताय न्हवं?"

त्यांनी तोंड उघडलं. बस आली. त्यांनी तोंड मिटलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काय न्हाय," ते म्हणाले. "जपून जावा."

बस वळेपर्यंत खिडकीतून ते माझ्याकडं बघत होते. दुसऱ्याच दिवशी मी रक्त, छाती, डोळे, सगळं तपासून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ आले. बायको म्हणाली, पेढे आणा. मी काही पेढे आणले नाहीत.